कागद मागा, कारण नको!

मेसमध्ये डाळ पातळ आली की आपण काय करतो? बोंबलतो. कल्याण नाक्यावर शेअर रिक्षा खड्ड्यात आदळून डोकं टपाला लागलं की? बोंबलतो. सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेली की? तेव्हा तर सगळं होस्टेल एका सुरात बोंबलतं, आणि लाइट आली की त्याच सुरात "होऽऽ" करतं. मग सगळे आपापल्या जर्नलमध्ये डोकं खुपसतात. विषय संपला!

मीही त्यातलाच. माहितीचा अधिकार म्हणजे काहीतरी पेपरात येणारी, मोठ्या माणसांची, घोटाळे-बिटाळे बाहेर काढणारी गोष्ट, असं मला दुसऱ्या वर्षापर्यंत वाटायचं. तो समज मोडला माझ्या रूम पार्टनरमुळे.

पार्टनर बीडकडचा. घरी कोरडवाहू जमीन, वडील सीझनला ऊसतोडीला जातात. त्याचं शिक्षण शिष्यवृत्तीवर चालू होतं. दुसऱ्या वर्षी हप्ता आलाच नाही. पोर्टलवर सहा महिने एकच ओळ दिसायची, अर्ज तपासणीत आहे. जिल्ह्याच्या ज्या कार्यालयात तो अडकला होता तिथे पठ्ठ्या चार वेळा जाऊन आला. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. साहेब मीटिंगला गेलेत, सिस्टिम डाऊन आहे, वरून निधी नाही, आणि चौथ्या वेळी, "तुमचं तर पाठवलंय की!" इकडे होस्टेलची फी थकलेली. एका रात्री मी लायब्ररीतून आलो तर हा ट्रंक भरत बसलेला. म्हणाला, "भावा, एक वर्ष ड्रॉप घेतो. चाकणला एखाद्या कंपनीत लागतो, पैसे जमवतो, मग बघू." वर्षाचा ड्रॉप घेऊन परत येणारे किती असतात, हे या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या रात्री आम्ही पहिला अर्ज लिहिला. दोन फुलस्केप पानं, पाठपोट! "माझी शिष्यवृत्ती का दिली नाही? याला जबाबदार कोण? दोषींवर काय कारवाई करणार? गरिबांच्या मुलांनी शिकायचं की नाही?" लिहून झाल्यावर आम्हाला काय भारी वाटलं म्हणता! उत्तर आलं तीन ओळींचं. आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असून मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

पार्टनर खचला. मी चिडलो. ते उत्तर घेऊन मी आमच्या एका सरांकडे गेलो. सरांनी अर्ज वाचला आणि हसले. म्हणाले, "प्रॅक्टिकलला तुम्ही ऑब्झर्वेशन टेबलमध्ये काय लिहिता, रीडिंग की कन्क्लूजन? हा अर्ज म्हणजे नुसतं कन्क्लूजन आहे. तुम्ही रीडिंग मागितलंच नाही."

मित्रांनो, हा सगळा लेखप्रपंच या एका वाक्यासाठी आहे. कायदा आपल्याला कारण विचारायचा हक्क देत नाही, कागद मागायचा देतो. कार्यालयात जे अभिलेख म्हणून अस्तित्वात आहे, म्हणजे फाइल, टिपणी, पत्र, नोंदवही, करार, अहवाल, ते मिळतं. जे अस्तित्वातच नाही ते तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात हे स्पष्ट सांगितलं. पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं. पण विचार करा, "का दिलं नाही" याचं उत्तर कारकून मनाने काहीही देऊ शकतो. त्या तारखेला लिहिलेली टिपणी मात्र मनाने बदलता येत नाही. कारण ऐकवलं जातं, कागद सापडतो!

मग दुसरा अर्ज. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्राचे नियम आहेत आणि अर्जाचा नमुनाही ठरलेला आहे, जोडपत्र 'अ'. त्यात आपलं नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, वर्णन आणि माहिती टपालाने हवी की स्वतः येऊन घेणार एवढंच भरायचं. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही. कोणी विचारलंच तर कलम ६(२) दाखवा. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडावी लागते. पोस्टल ऑर्डर केंद्र सरकारच्या कार्यालयांना चालते, आपल्या राज्याच्या कार्यालयांसाठी स्टँपच सोपा. अर्ज "जन माहिती अधिकारी" या नावाने करायचा, साहेबांचं नाव माहीत असण्याची गरज नाही. हाताने दिला तर आपल्या प्रतीवर पोच शिक्का घ्यायचा, पोस्टाने पाठवला तर रजिस्टर करून पावती जपायची. ज्यांना नेट जवळचं वाटतं त्यांच्यासाठी राज्य सरकारचं आरटीआय ऑनलाइन पोर्टलही आहे.

२०१२ पासून महाराष्ट्रात आणखी एक नियम आहे. एका अर्जात एकच विषय, आणि अर्ज साधारणपणे १५० शब्दांत. आमचे पहिले दोन फुलस्केप तिथेच बाद! आम्ही दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

"माझ्या शिष्यवृत्ती अर्जाबाबत (अर्ज क्रमांक सोबत दिला आहे) अर्ज प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून आजपर्यंत, (१) अर्जावरील सर्व टिपण्यांच्या प्रती, (२) या अर्जासंबंधी केलेल्या सर्व पत्रव्यवहाराच्या प्रती, (३) सदर पत्रे पाठवल्याची नोंद असलेल्या जावक नोंदवहीच्या पानांच्या प्रती मिळाव्यात."

बस्स! यात राग नाही, प्रश्नचिन्ह नाही, गरिबांची मुलंही नाहीत. तिसरा मुद्दा सरांनी सुचवला होता. आम्हाला तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नव्हतं.

काँक्रीटला ताकद यायला २८ दिवस लागतात, माहितीला ३०. (जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास.) आम्हाला २६ व्या दिवशी पत्र आलं. चार पानांचे, पानाला दोन प्रमाणे आठ रुपये भरून माहिती घेऊन जावी. आठ रुपये भरायला जायचा खर्च किती आला ते विचारू नका!

त्या चार पानांत सगळी गोष्ट होती. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे म्हणून अर्जात त्रुटी काढली होती. त्रुटी दूर करावी असं पार्टनरच्या नावाने पत्रही तयार केलं होतं, त्यावर सही होती, तारीख होती. पण जावक क्रमांकाची जागा कोरी! आणि जावक नोंदवहीच्या पानावर त्या तारखेला ते पत्र नव्हतंच. म्हणजे पत्र लिहिलं गेलं, सही झाली आणि टेबलावरच राहिलं. "तुमचं तर पाठवलंय की" याचा अर्थ हा होता.

पार्टनरने त्याच दिवशी दाखल्याची स्वच्छ प्रत जमा केली, सोबत त्या चार पानांची झेरॉक्स जोडली. काउंटरवरचा सूर एकदम बदलला. कोणी माफी मागितली नाही, पण बसायला खुर्ची दिली. दीड महिन्यात हप्ता खात्यावर जमा झाला. ट्रंक परत खाटेखाली गेली. सहा महिन्यांची अडचण होती एका अस्पष्ट झेरॉक्सची, आणि ते कळायला लागले दहा अधिक आठ रुपये.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, तुमचं काम झालं, आम्हाला काय त्याचं? तर ऐका. आपण राहतो भिवंडीत. इथे कागद मागण्यासारखं काय काय आहे, ते आपापल्या ब्रँचप्रमाणे बघू.

सिव्हिलवाल्यांनो, आधी तुम्ही. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे. त्यात नुसत्या झेरॉक्स नाहीत. कामाची आणि अभिलेखांची पाहणी करणं, टिपणं काढणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेसुद्धा त्यात आहे. रस्त्यासाठी वापरलेल्या मालाचा नमुना कायद्याने मागता येतो! रस्ता खराब का झाला, हा प्रश्न झाला. त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, क्यूब टेस्टचे अहवाल आणि करारातली दोषदायित्व कालावधीची अट, हे झाले कागद. आपण लॅबमध्ये जे क्यूब फोडतो, त्याच क्यूबचे आकडे त्या फाइलमध्ये असतात. ते वाचता येणारी माणसं शहरात किती? आपण तर त्याचीच परीक्षा देतो.

आणि ही केवळ खड्ड्यांची गोष्ट नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत कोसळली. तीन मजली इमारत, माणसं झोपेत. पस्तीसहून अधिक जीव गेले. आपल्यातले कितीतरी जण होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून जुन्या इमारतींत भाड्याने राहतात. पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करण्याची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची, अशी वर्गवारी असते. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं महापालिका कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. आपण राहतो ती इमारत कोणत्या वर्गात आहे, तिला नोटीस दिली आहे का, ऑडिट अहवाल दाखल आहे का, हे कागद दहा रुपयांत मागता येतात. डिपॉझिट देण्यापूर्वी घरमालकाच्या तोंडी शब्दावर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी तर भिवंडी हे पाठ्यपुस्तकच! जानेवारी २००७ पासून इथलं वीज वितरण महावितरणने फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलं. शहराच्या वीज वितरणाचा असा प्रयोग देशात पहिल्यांदा झाला तो आपल्या यंत्रमागांच्या गावात. इथे एक चांगला प्रश्न निर्माण होतो. वितरण खासगी कंपनीकडे असेल तर माहिती कोणाकडे मागायची? कलम २(च) म्हणतं की, इतर कोणत्याही कायद्यान्वये सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीसुद्धा "माहिती"च. म्हणून अर्ज महावितरणकडे करायचा, फ्रँचायझी करार आणि फ्रँचायझीने महावितरणला सादर केलेले अहवाल मागायचे. डिस्ट्रिब्यूशन लॉसेसचं गणित आपण फळ्यावर सोडवतो, खरे आकडे मात्र फाइलमध्ये पडून असतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टला यापेक्षा चांगला डेटा कुठे मिळणार?

आणि सर्व ब्रँचेससाठी सामाईक विषय म्हणजे उत्तरपत्रिका! वर सांगितलेल्या २०११ च्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे. केटी लागल्यावर परीक्षकाच्या नावाने शिमगा करण्यापेक्षा आपण नक्की काय दिवे लावले ते बघून घ्यावं. (माझ्या अनुभवाने सांगतो, चूक बहुतेक वेळा आपलीच निघते. पण निदान कळते तरी!)

मास्तर लोकांनी आणि ऑफिसने इथे दचकू नये, म्हणून एक खुलासा. आपलं कॉलेज विनाअनुदानित. त्याला हा कायदा थेट लागू होतो की नाही यावर वाद घालता येईल. पण विद्यापीठ, तंत्रशिक्षण संचालनालय आणि २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेलं शुल्क नियामक प्राधिकरण ही सार्वजनिक प्राधिकरणंच आहेत. कॉलेज त्यांना जे कागद सादर करतं, ते तिथून मागता येतात. तेव्हा उघड ठेवण्यातच शहाणपण आहे, असं माझं नम्र मत.

हा अधिकार आपल्याला आयता मिळालेला नाही. जगात असा पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला. आपल्याकडे त्याची मागणी राजधानीतून नाही, राजस्थानातल्या खेड्यांतून आली. नव्वदच्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेच्या मजुरांनी आपल्याच कामाची हजेरीपटं मागितली, गावासमोर वाचून दाखवली आणि खोट्या नोंदी उघड्या पाडल्या. त्यांनीही कारण नव्हतं विचारलं, कागदच मागितला होता! महाराष्ट्रात ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि राज्याचा कायदा मार्गी लागला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला. काहींनी तर याची फार मोठी किंमत मोजली. तळेगावचे सतीश शेट्टी जमिनींचे कागद मागत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांची हत्या झाली. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. पण मोठ्या हितसंबंधांचा विषय असेल तर एकट्याने हिरोगिरी करू नये. तोच अर्ज पाच-सहा जणांनी वेगवेगळा करावा.

उत्तर आलंच नाही तर? तर गप्प बसायचं नाही. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढे ती मोफत द्यावी लागते. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, म्हणजे प्रथम अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत वीस रुपयांचा स्टँप लावून अपील करायचं. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आपल्या ठाणे जिल्ह्यासाठी आयोगाचं कोकण खंडपीठ आहे. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्यांचं काम. फाइलमधला एखादा परिच्छेद देण्यासारखा नसेल तर तेवढाच झाकून बाकीची फाइल द्यावी लागते, हे कलम १० सांगतं. एवढी पाच-सात कलमं पाठ झाली तरी पुष्कळ. आपण केमिस्ट्रीत यापेक्षा जास्त पाठ केलंय!

सगळं गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. आयोगाकडे दुसरी अपिलं तुंबून राहतात, तोवर पोरगा पास होऊन बाहेर पडतो. काही लोकांनी या कायद्याचा धंदा केलाय. अर्ज टाकायचा, घाबरवायचं आणि तोडपाणी करायचं. त्यांच्यामुळे खरा अर्जदारसुद्धा काउंटरवर संशयित ठरतो. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं. ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आली. आता "वैयक्तिक माहिती" एवढंच कारण देऊन नकार देणं सोपं झालंय. व्यापक लोकहितासाठी माहिती देता येईल, असं सांगणारं कलम ८(२) मात्र अजून शाबूत आहे, तेवढाच आधार. माझं मत विचाराल तर ही दुरुस्ती चुकीची आहे. हजेरीपटावर मजुरांची नावं असतात म्हणून ते खोटे ठरवता आले. नावं झाकली तर उरतात फक्त आकडे, आणि आकड्यांना कोण ओळखतं?

१५० शब्दांच्या मर्यादेवर मात्र माझं मत बदललंय. आधी वाटायचं हा नियम आपलं तोंड बंद करायला आहे. थोडा आहेसुद्धा, गुंतागुंतीचा विषय दीडशे शब्दांत बसवणं खेड्यातल्या माणसाला जड जातं. पण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. नेमकं काय मोजायचं, कोणत्या युनिटमध्ये, किती ते किती, हे ठरवणं हेच तर आपलं शिक्षण! विषय, कालावधी, कागदाचं नाव या तीन गोष्टी ज्याला नीट लिहिता येतात, त्याला टोलवणं अवघड असतं. म्हणूनच मला वाटतं, आपल्यातल्या प्रत्येकाने पास होण्यापूर्वी एकदा तरी जोडपत्र 'अ' भरावं. स्वतःसाठी नाही तर घरच्यांसाठी. गावाकडे कोणाची तरी पेन्शन, फेरफार नाहीतर पीकविमा अडकलेला असतोच. घरात शिकलेला म्हणून सगळे आपल्याकडेच बघतात ना?

जाता जाता एक विनंती, रेक्टर सर आणि मेस कमिटीला. कायद्याचं कलम ४ म्हणतं की, कोणी मागण्याची वाट न बघता माहिती स्वतःहून जाहीर करावी. मेसला हे कलम लागू नाही, ठाऊक आहे. पण डाळ किती किलो आली, कितीला आली आणि किती ताटं झाली, एवढा हिशेब महिन्यातून एकदा नोटीस बोर्डावर लागला तर? कदाचित असंही निघेल की डाळ पातळ आहे ती आपण पाहुणे जेवायला आणतो म्हणून!

चालेल. निदान कागदावर तरी कळेल.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)